गिटारची मान आणि माझी ॲक्शन

आमच्या सुनेचं एक वागणं मला लग्नाच्या पहिल्या दिवसापासून खटकतं. ती भांडत नाही!

हसू नका. तुम्हाला भांडणाऱ्या सुना मिळाल्यात म्हणून तुम्हाला त्याची किंमत नाही. मी सासू व्हायची पंचवीस वर्षं तयारी केली होती. आमच्या मांजरी गावात कुणालाही विचारा, मथुराबाई बोलायला लागली की नळावरच्या बाया घागरी खाली ठेवून ऐकायच्या. माझ्या सासूबाईंशी मी एकवीस वर्षं समोरासमोर भांडले आणि त्या गेल्या तेव्हा सगळ्यांत जास्त मीच रडले. तोडीस तोड माणूस गेलं हो! आणि माझ्या वाट्याला काय आलं? "ओके आई."

आमटीत मीठ जास्त झालंय म्हटलं, "ओके आई." जीन्स घालून देवळात जाऊ नये म्हटलं, "ओके आई." एकदा मी मुद्दाम म्हटलं, "तुमच्या अकोल्याला भाजी धुवून घेत नाहीत वाटतं?" आता माहेरावर गेल्यावर कुठलीही पोरगी पेटून उठली असती! ही म्हणाली, "ओके आई, परत धुते." असल्या माणसाबरोबर दिवस कसे काढायचे? भिंतीवर चेंडू मारला तर तो निदान परत तरी येतो!

तर ही आमची नम्रता. हिंजवडीला कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. सकाळी साडेसहाला कंपनीची बस, संध्याकाळी आठला परत. मांजरीहून हिंजवडीला जायचं म्हणजे पुण्याच्या एका कानातून शिरून दुसऱ्या कानातून बाहेर पडायचं. मुलगा सुदर्शन त्याच्या कंपनीनं सहा महिन्यांसाठी अमेरिकेला धाडलेला. म्हणजे घरात ती, मी आणि आमचे हे.

हे म्हणजे हिंमतराव. साखर कारखान्यात चौतीस वर्षं फिटर. कारखान्यातून निवृत्त झाले, फिटरपणातून नाही. मिक्सर ह्यांनी उघडल्यापासून तो चटणी वाटतो म्हणजे खरोखर वाटतो, भिंतींना, छताला, सगळ्यांना थोडी थोडी. दारावरची बेल दाबली की बाथरूममधला दिवा लागतो. आत कोण असेल ते समजून घेतं आणि दार उघडायला येतं.

अशा ह्या घरात नम्रतानं मे महिन्यात एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. तिच्या कंपनीतला आमोद नावाचा मुलगा, सदाशिव पेठेतला, कायमचा अमेरिकेला निघाला होता, त्याची. गिटारबरोबर त्यानं चिठ्ठी दिली होती, 'आहे तशी दिली आहे. फोन करू नये.' माणूस विमानात बसला तरी पेठ काही उतरत नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी नम्रताच्या कंपनीचा फॅमिली डे होता. घरच्यांना बोलावणं, जेवण, आणि स्टेजवर गाणंबजावणं. पाच मुलं आणि आमची नम्रता असा त्यांचा बँड. त्यात एक मोठा तुकडा हिनं एकटीनं वाजवायचा होता. ही नसली तर तिच्या जागी उभा राहायला दिल्लीचा एक मुलगा टपूनच बसलेला. पोरीनं चार महिने रोज जेवणाआधी तासभर सराव केला. बोटांना घट्टे पडले. तेवढ्यावरून मात्र माझ्या मनात तिच्याबद्दल आदर वाढला. तसं मी बोलले नाही. कौतुकाची सवय लागते.

भजनी मंडळात मात्र मी जाहीर करून टाकलं, "शनिवारी माझी सून स्टेजवर वाजवणार!"

"काय, टाळ?" इंदुबाई म्हणाल्या.

"गिटार! विजेवरची! तुम्ही याच माझ्याबरोबर, दाखवते."

झालं! आता माघार नव्हती. नम्रतानं वाजवलं नसतं तर इंदुबाईंनी पुढची दहा वर्षं मला टाळ विचारले असते.

मंगळवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. नम्रता गॅलरीत मोबाइलवर बोलत होती. मी ऐकत नव्हते. माझे कान उघडे होते, एवढंच.

"दिसायला अजून चांगली आहे रे," ती सांगत होती. "वयाच्या मानानं बॉडी दणकट आहे. पण ॲक्शन फार आहे!"

मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली.

"हो ना, नको तितकी ॲक्शन! खाली आणायलाच पाहिजे. मान वाकलीय. आणि आवाज? जरा बोट लावलं की किरकिर सुरू... छे, बदलून कोण देणार? आता हीच आपल्या नशिबात. शनिवारच्या आत कुणीतरी नीट पिळायला पाहिजे."

मी मेथी खाली ठेवली. ॲक्शन! अहो, ॲक्शन कोण मारतं? कॉलेजची पोरं मारतात, दुसऱ्याच्या बुलेटवर बसून! मी जरा कडक इस्त्रीचं नऊवारी नेसते, देवळात चपला सगळ्यांच्या पुढे काढते, ती काय ॲक्शन झाली? आणि मान वाकलीय म्हणे! ही मान सासूपुढे वाकली नाही, सरपंचापुढे वाकली नाही, डोक्यावर उसाची मोळी होती तेव्हा वाकली नाही!

पण खरं सांगू? आतून थोडं बरंही वाटलं. पोरगी बोलली! पाठीमागे का होईना, बोलली! आता समोर बोलायला लावते, म्हटलं.

बुधवारी सकाळी तिच्या डब्यात भाकरी आणि अख्खा कांदा ठेवला. बाकी काही नाही. डबा हातात देऊन ताठ उभी राहिले.

"नम्रता, माझी मान वाकलीय का गं?"

तिनं नीट पाहिलं. "दुखतेय का आई? बाम लावून देऊ?"

बाम! बघितलंत? म्हणजे वर साळसूदपणा!

ती बसला गेल्यावर मी ह्यांच्यासमोर सगळं ओतलं. पिळायची भाषा सांगितली, बॉडी सांगितली. हे आधी गंभीर झाले, मग हसायला लागले, इतके की कवळी काढून हातात घ्यावी लागली.

"अगं, त्ये तिच्या गिटारचं हाय!"

"गिटारला ॲक्शन?"

"तारा दांड्यापासनं किती उंच ऱ्हात्यात, त्येला ॲक्शन म्हनत्यात. दांडा म्हंजी मान. मान फुडं वाकली की तारा उंच जात्यात आन दाबता दाबता पोरीची बोटं सोलून निघत्यात. परवाच तिनं मला समदं समजावून सांगितलं."

"तुम्हाला सांगितलं? मला नाही?"

"तू कवा इचारलंस?"

मला लाज वाटली. चहा गाळून होईपर्यंत वाटली. मग आठवला तो डब्यातला कांदा. भरपाई करायला हवी होती. आता माफी मागायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. मी ह्यांच्याकडे वळले आणि म्हटलं, "मग बघत काय बसलाय? करा की ती मान सरळ!"

हो, मीच म्हटलं. लपवून काय उपयोग? ते वाक्य हे आता लग्नाकार्यात पंगतीला बसून लोकांना ऐकवतात.

"मला अर्धा तास दे," हे म्हणाले. "कारखान्याचा रोलर सरळ केलाय मी! तीन माणसांच्या उंचीचा! ही तर काठी हाय, काठी!"

गिटार पलंगावर आडवी केली. मानेच्या वरच्या टोकाला एक छोटं झाकण होतं. ते उघडलं तर आत एक नट. लपवलेला नट सापडला की ह्यांच्या चेहऱ्यावर नातू झाल्याचा आनंद दिसतो.

"अहो, लपवलाय म्हणजे हात लावू नये म्हणूनच असेल."

"लपवलाय म्हंजी त्योच खरा!" हे म्हणाले आणि चावी लावली.

एक आटा फिरवला. काही नाही. दुसरा फिरवला. लाकूड 'कर्र' म्हणालं. ह्यांनी त्याचं ऐकून न घेता आणखी अर्धा दिला. मग आम्ही मानेवरून एक डोळा मिटून पाहिलं. मान आता पुढे वाकलेली नव्हती. मागे गेली होती! साहेबापुढे वाकून उभा असलेला कारकून पगारवाढ झाल्यावर खुर्चीत कसा रेलतो, तशी! सहाही तारा दांड्यावर आडव्या पडल्या होत्या.

"ॲक्शन पार काढून टाकली!" हे म्हणाले.

मी एक तार छेडली. खर्र! दुसरी, खर्र! गिटार कसली, घसा बसलेला कोंबडा!

संध्याकाळी नम्रता आली. तिनं गिटार उचलली, मानेवरून पाहिलं आणि तिच्या तोंडावरचा रंग गेला. मी दारात उभी होते. म्हटलं आता ओरडेल. आता ओरडायलाच पाहिजे!

"बाबांनी केलं का?"

"व्हय बाळा. आवडलं?"

तिनं गिटार हळूच पलंगावर ठेवली. "ओके बाबा. थँक्यू. मी... बघते काहीतरी." मग तिनं दोन-तीन फोन लावले. कॅम्पातला एक दुरुस्तीवाला होता, तो नेमका गोव्याला गेलेला. हिला सुट्टी मिळणार नव्हती, आणि ही बसमधून उतरेपर्यंत सगळी दुकानं बंद.

"एवढं झालंय तरी काय त्याला?" मी विचारलं.

"बझ येतोय आई. म्हणजे घरघर. तार मोकळी वाजत नाही."

घरघर! हे ऐकल्यावर मला रात्रभर झोप लागली ती अगदी शांत. घरघरीवरचा वैद्य माझ्या ओळखीचा होता.

आमच्या भजनी मंडळाचा तंबोरा गेनबा सांभाळतात. वय एकाहत्तर. तंबोऱ्याची जवारी काढावी तर गेनबांनीच. जवारी काढायची म्हणजे, तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीनं अलगद घासून सपाट करायचा. नीट जमलं की तार नुसती वाजत नाही, झंऽऽऽ करून घुमते. साधू ध्यानाला बसल्यासारखं वाटतं. म्हटलं, तारेचंच दुखणं आहे, तारेचाच माणूस बोलवावा.

गुरुवारी सकाळी गेनबा आले. गुरुवार म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, लाईट नाही. गिटार तिच्या त्या आवाज मोठा करायच्या पेटीला जोडायचा प्रश्नच नव्हता. गेनबांनी पगडीएवढा गंभीर चेहरा करून तार छेडली.

टिंग.

आम्ही तिघं वाट बघत राहिलो. पुढे काहीच नाही.

"ह्ये वाजतच न्हाई की वैनी!" गेनबा म्हणाले. "येवढं धूड, आन आवाज डासावानी!"

"आत भोपळाच न्हाई," ह्यांनी ठोकून पाहिलं. "भरीव लाकूड हाय."

"भोपळा न्हाई तर घुमंल कुठनं? बिचारी पोर! चार म्हैनं ह्याच्यावर घासतीया!"

आम्हाला तिघांनाही एकदम पटलं की खरा रोग हाच. विजेवरची गिटार विजेशिवाय कुजबुजतेच, हे आम्हाला कोण सांगणार? आमच्या तंबोऱ्याला लाईट गेलेली कधी कळतसुद्धा नाही!

गेनबांनी पिशवीतून कानस काढली. तंबोऱ्याला एक घोडी असते. हिला सहा निघाल्या, एकेका तारेला एकेक, नखाएवढ्या. गेनबांनी त्या एकेक करून धरल्या आणि भादरल्या. तीन तास लागले, चार चहा लागले. हे शेजारी बसून फुंकर मारून भुगा उडवत होते. मी हात जोडून म्हटलं, "सहाच्या सहा करताय, केवढं पुण्य लागेल तुम्हाला!"

शेवटी तार छेडली. झिंऽऽऽ! लहानसा आवाज, पण काय घुमत होता! गेनबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांच्याही आलं, पण ह्यांच्या डोळ्यांत भुगा गेला होता.

पाचला लाईट आली. आठला नम्रता आली. आम्ही दोघं सोफ्यावर, लग्नातल्या यजमानांसारखे.

"वाजवून बघ," मी म्हटलं. "घरघर गेली!"

तिनं वायर खुपसली, पेटीचं बटण फिरवलं आणि तारांवरून हात मारला.

झ्यांऽऽऽव!

काय सांगू तुम्हाला! समोरच्या इमारतीतली कुत्री भुंकायला लागली. कपाटातले पेले किणकिणले. खालच्या मजल्यावरून बाई ओरडल्या, "गॅस बंद करा, गॅस!" सहा तंबोरे एकाच पोत्यात कोंबून पोतं जिन्यावरून ढकललं तर जो आवाज येईल, तो!

नम्रतानं बटण बंद केलं. घोड्यांवरून एक बोट फिरवलं.

"जवारी," मी सांगितलं. आवाजात अभिमान होता, तो थोडा कमी करून पुन्हा सांगितलं, "गेनबांनी काढली."

"ओके आई," ती म्हणाली. पण इतकं बारीक म्हणाली की मला ओठांवरून ओळखावं लागलं. मग ती गॅलरीत गेली आणि मोबाइलवर म्हणाली, "त्या दिल्लीवाल्याला सांगून टाक. शनिवारी तूच वाजव म्हणावं."

ती रडली नाही. रडली असती तर मी चार शब्द बोलले असते, ती दोन बोलली असती, मोकळं झालं असतं. ती आली, ताटं मांडली, सगळ्यांना वाढलं आणि भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत बसली. मी अर्ध्या ताटावरून उठले. हेसुद्धा कमी जेवले. तीनच भाकऱ्या.

शुक्रवारी ती बसला गेली आणि मी गिटार जुन्या लुगड्यात गुंडाळून निघाले. हे म्हणाले, "मी येऊ?"

"तुम्ही आणि तुमची चावी घरी बसा! घरातल्या कुठल्याही वस्तूकडे बघूसुद्धा नका!"

पीएमटीत गिटार मांडीवर आडवी घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, मांडीवर कोण?"

"सून," मी म्हटलं. त्यानं दोन तिकिटं फाडली.

बुधवार पेठेत रेडिओ-टेपच्या दुकानांच्या गर्दीत, एका अंधाऱ्या जिन्यावर वाद्यदुरुस्तीचं दुकान सापडलं. दारावर पाटी होती, 'येथे वाद्ये दुरुस्त होतात. वादक नाही.' आत श्रीधरपंत नावाचे सत्तरीचे गृहस्थ, नाकाच्या टोकावर चष्मा. मी लुगडं सोडून गिटार समोर ठेवली.

"काय होतंय?"

"आवाज करते."

"वाद्य आहे. करणारच."

"तसला नाही हो! घाण आवाज करते!"

त्यांनी भिंग लावून मान पाहिली, घोड्या पाहिल्या, मग मला पाहिलं. "कोणी केलं हे?"

"पोरांनी. खेळता खेळता."

"असं? पोरांकडे कारखान्यातला पाना दिसतोय. आणि उत्तम प्रतीची कानस. वय काय पोरांचं?"

मी जिन्याकडे पाहत म्हटलं, "एक चौसष्ट. एक एकाहत्तर."

"आणि त्यांना सांगणारं कोणी असेल ना? तिचं?"

"तुम्ही गिटार दुरुस्त करता की शिरगणती?"

"ठेवून जा. मंगळवारी या."

"मंगळवारी? अहो, उद्या तिला स्टेजवर वाजवायचंय!"

"मग आज आणायला उशीर झाला. आता पाऊण वाजलाय. एक ते चार दुकान बंद."

"करा बंद," मी म्हटलं आणि तिथल्याच एका मोडक्या तबल्याच्या खोक्यावर बैठक मारली. "मी आहे इथे."

"दुकान बंद म्हणजे गिऱ्हाईक बाहेर."

"मग मी जिन्यात बसते. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, पंत आत जेवतायत आणि माझ्या सुनेची चार महिन्यांची मेहनत त्यांच्या उंबऱ्यावर पडलीय. माझा आवाज दगडूशेठपर्यंत जातो. ऐकायचाय?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी तेवढ्यात डबा उघडला. भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा. त्यांच्या डब्यात बिनतिखटाची दोडक्याची भाजी होती, वास सांगत होता. मी काही न बोलता ठेचा पुढे सरकवला. एका घासानंतर त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. दुसऱ्या घासानंतर ते म्हणाले, "कानात शिट्टी वाजतेय." आणि तिसरा घास घेऊन कामाला लागले!

आधी त्यांनी तो नट उलटा फिरवला. ह्यांच्यासारखा नाही. पाव आटा, मग थांबायचं, मग बघायचं. मी म्हटलं, "अगदी सरळ करा. ओळंब्यात!"

"अगदी सरळ नको. किंचित वाकलेली हवी. मान फार ताठ असली की तार जागोजागी घासते आणि दिवसभर किरकिर होते."

मी पदर सारखा केला. "हे गिटारला सांगताय की मला?"

"ज्याला लागू पडेल त्याला."

मला माणूस आवडला. माझ्या सासूबाईंनंतर पहिल्यांदाच बरोबरीचं कोणी भेटलं!

घोड्या मात्र गेल्याच होत्या. त्यांनी एका भंगार गिटारच्या सहा घोड्या डब्यातून शोधून काढल्या आणि एकेक बसवली. मग दांड्यावरच्या शेवटच्या पट्टीवर तारेखाली आपलं कार्ड सरकवून पाहिलं. "एवढी फट. ह्याहून उंच नको, खाली नको. कळलं?"

"हात्तिच्या! एवढंच? हे तर मलाही जमेल!"

"ते कार्ड ठेवा तुम्हाला," पंत म्हणाले. "पुन्हा दुरुस्त करावंसं वाटलं तर आधी त्यावर फोन करा."

संध्याकाळी नम्रतानं पेटीला जोडून तारेला हात लावला. तूपच! ना खर्र, ना झ्यांव. तिनं परत एकदा सगळ्या तारा छेडून पाहिल्या.

"आई... हे कुणी केलं?"

"जुन्या वस्तूंचं असंच असतं," मी म्हटलं. "लाईट नियमित असली की आपोआप सुधारतात."

तिनं दिल्लीवाल्याला फोन करून परत आपली जागा घेतली आणि मी ताटभर जेवले. गोष्ट इथेच संपायची. पण शनिवार होता ना!

शनिवारी मी, हे, इंदुबाई आणि नम्रता कंपनीच्या बसनं हिंजवडीला गेलो. हॉल असा गार की इंदुबाईंनी पदर कानावरून घेतला. नम्रतानं आम्हाला कौतुकानं स्टेजच्या मागे नेलं, तिच्या मॅनेजरला भेटवलं, गिटार खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, "आई, पाच मिनिटं लक्ष ठेवा, मी आवरून येते."

लक्ष ठेवा म्हणाली म्हणून मी ठेवलं. लक्ष ठेवता ठेवता मला दिसलं की तारा जरा उंच वाटतायत. आता कालपासून मला ह्यातलं कळत होतं. पोलक्यातून पंतांचं कार्ड काढलं, शेवटच्या तारेखाली सरकवलं. हललं! अगदी डुगडुगलं!

"अहो!" मी ह्यांना म्हटलं. "दोन तास बसमध्ये हादरे बसून ॲक्शन वाढलीय! आता काय करायचं? पोरगी पाच मिनिटांत वाजवायला उभी राहील!"

"तू चावी आनू नगंस म्हनालीस," हे म्हणाले.

"मग?"

"म्हून ती मी मोज्यात घातली."

मी गिटारचं मुंडकं दोन्ही गुडघ्यांत धरलं, हे जमिनीवर मांडी घालून बसले. "पाव आटाच हं," मी बजावलं. "पंत पावच देतात."

"पाव म्हंजी पाव," हे म्हणाले आणि चावी लावली. कर्र...

"आई!! बाबा!!"

मी दचकून वर पाहिलं. दारात नम्रता. डोळे लाल, मुठी वळलेल्या.

"ठेवा ती खाली! आत्ताच्या आत्ता! हात लावायचा नाही कुणी! चार दिवस मी गप्प बसले म्हणून काय वाटेल ते करणार तुम्ही? बाबा, ही गिटार आहे, तुमच्या कारखान्याचा रोलर नाही! आणि आई, गेनबाकाकांना कुणी बोलावलं होतं? मी सांगितलं होतं? ते कार्ड द्या इकडे! चावी द्या! दोघंही बाहेर! तिसऱ्या रांगेत जाऊन बसा, आणि बोलावल्याशिवाय जागचं हलायचं नाही!"

मॅनेजर हातातल्या समोशासकट भिंतीला चिकटला. बँडच्या पाच मुलांनी आपापली वाद्यं छातीशी धरली. ह्यांनी चावी अशी दिली, जशी दरोडेखोर बंदूक खाली ठेवतात. मी उठले, निऱ्या सावरल्या आणि चालायला लागले. पण मागे वळून वळून बघत होते. भीतीनं नव्हे हो! काय तो आवाज! काय ती धार! कुठे अडखळली नाही, कुठे शब्द शोधला नाही! आणि मी आठ महिने हिला भिंत समजत होते!

तिसऱ्या रांगेत बसल्यावर इंदुबाई कानाशी आल्या. "कोण गं एवढं ओरडत होतं आत? इथपर्यंत ऐकू आलं."

"माझी सून," मी म्हटलं. "माइकशिवाय!"

पडदा वर गेला. नम्रता मधोमध उभी. तिनं ह्यांचा तो पाव आटा परत फिरवला होता की नाही, देव जाणे. ह्यांनी माझा हात धरला, मी झटकला, मग परत धरला. ढोल बडवले गेले, मुलं ओरडली आणि एकाएकी सगळे थांबले. उरली ती एकटी. तिची बोटं त्या मानेवर अशी पळायला लागली, जशी खळ्यातल्या दाण्यांवर चिमण्यांची झुंबड. एक खर्र नाही, एक घरघर नाही! संपलं तेव्हा सगळा हॉल उभा राहिला. इंदुबाईही उभ्या राहिल्या. शेजारच्याला विचारत होत्या, "आता भजन कधी?" तरी टाळ्या वाजवत होत्या, मला तेवढं पुरे.

आम्ही मात्र उठलो नाही. बोलावल्याशिवाय हलायचं नाही अशी आज्ञा होती.

अर्ध्या तासानं नम्रता धावत आली. तोंड उतरलेलं, हाताची बोटं एकमेकांत गुंतवलेली. सगळ्यांसमोर माझ्या पायाशीच बसली.

"आई, सॉरी. मी किती ओरडले! तुम्ही काल उन्हातान्हात गिटार घेऊन गेलात, त्या कार्डावर दुकानाचा पत्ता होता, मी वाचला. आणि तरी मी असं... पुन्हा कधी नाही ओरडणार."

आजूबाजूच्या चार रांगा ऐकत होत्या. माझा आवाज तसा लहान नाहीच, तरी मी तो थोडा मोठा केला.

"खबरदार पुन्हा नाही ओरडलीस तर! ओरडलीस ते उत्तमच केलंस, फक्त उशीर केलास. अगं, बुधवारीच अशी खेकसली असतीस, तर शुक्रवारी मला बुधवार पेठ बघावी लागली नसती!"